खूण पुढच्या अंगाला

पाचव्या वळणापर्यंत टेम्परेचरचा काटा शहाण्यासारखा मध्यावर बसून होता. वळण संपलं, खरा चढ लागला, तसा तो उठला. टोचनवाल्यानं आधी त्याच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, मग सरळ बघितलं, आणि मग बघायचंच सोडलं. नुसतं बघून काटा खाली येत असता तर तो गेल्या आठवड्यातच आला असता.

मागे साखळीला विटांनी भरलेला ट्रक होता. चढावर बंद पडलेल्या गाड्या ओढून माथ्यावर पोचवायच्या, हा या घराचा बावीस वर्षांचा धंदा. आधी बापानं केला, आता मुलगा करत होता. गाडीला सगळे टोचन म्हणायचे, म्हणून तो टोचनवाला. जन्माचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं होतं, आणि दाखला कुठं राहिला ते कुणालाच माहीत नव्हतं. शेजारी त्याची बायको मांडीवर लाकडी ठोकळा घेऊन बसली होती. गाडी थांबली की खाली उडी मारायची आणि ठोकळा मागच्या चाकाला लावायचा, हे तिचं काम. लग्न ठरवताना हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण लग्न ठरवताना खरं सांगतंच कोण?

"थांबवा," ती म्हणाली.

"अजून एक वळण जाऊ दे."

"अहो, पुढून वाफ यायला लागली. थांबवा म्हणते ना."

त्यानं थांबवली. ती ठोकळ्यासकट खाली गेली, चाकामागे तो सरकवला आणि वर पायानं दाबून उभी राहिली. डांबर इतकं तापलं होतं की तिची चप्पल उचलताना चिकट आवाज यायचा. टोचनवाल्यानं बॉनेट उघडलं आणि तोंड बाजूला केलं. रेडिएटरच्या झाकणाखालून पाणी फुसफुसत होतं. विटांच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"काय रे, मला ओढायला आलास का माझ्या सोबतीला बसायला आलास?"

टोचनवाला वाफ निवायची वाट बघत रस्त्याकडेला बसला.

तासाभरानं नाक्यावरचा मुकादम मोटारसायकलवरून वर आला. खाली गाड्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेतल्या प्रत्येकानं त्याला चार शब्द ऐकवले होते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागायचं.

"हे दुसरं झालं बरं का."

"ठाऊक आहे."

"रस्ता अडला की वरून फोन मला येतो. तिसऱ्यांदा गाडी अर्ध्यात राहिली तर नाक्यावरची तुझी गाडी लावायची जागा दुसऱ्याला जाईल. मी नाही म्हणत, कागद म्हणतो. खाणवाल्याची नवी गाडी महिनाभर जागेसाठी टपून बसली आहे. क्रेन काय, पट्टे काय, एसी काय." त्यानं बॉनेटमधे डोकावलं. "मिस्त्रींना काय म्हणायचंय?"

"ते म्हणतात पंखा सोडून बाकीचं बघ."

"मग बघ की बाबा."

मिस्त्री म्हणजे टोचनवाल्याचा बाप. नाक्यावरच्या झाडाखालची ती जागा त्यानंच मिळवली होती. रस्त्याच्या या टप्प्यात ज्यानं ज्यानं म्हणून हातात पाना धरला, त्यानं मिस्त्रीची एक तरी थप्पड खाल्ली होती, आणि बहुतेकांनी एकाच कारणासाठी खाल्ली होती. खोलण्याआधी खूण करायची विसरले म्हणून. कुठलाही भाग काढायचा तर आधी पंच लावून हातोडीचा एक ठोका द्यायचा, बारीक टिंब उठवायचं, आणि ते टिंब कायम पुढच्या अंगाला. "खूण पुढच्या अंगाला," हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की शिकाऊ पोरं त्याच्या पाठीमागे ते त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणायची.

आता त्याला साखरेनं धरलं होतं. आधी डोळे धुरकट झाले, मग बोटांची टोकं मेली. मागच्या थंडीत त्यानं चुलीवरचं भांडं उघड्या हातानं उतरवलं, आणि हाताला फोड आलेत हे दुसऱ्या दिवशी सुनेनं दाखवल्यावर त्याला कळलं. उजवा अंगठा तेवढा जिवंत होता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो भिंतीला तळवा लावून पावलं मोजत अंगणात यायचा, आणि कुणी हात धरायला गेलं की झटकून टाकायचा.

दहा दिवसांपूर्वी गाडीच्या जुन्या पंख्याचं एक पातं मुळाशी तडकलं. टोचनवाल्यानं भंगार बाजारातून तसाच सहा पात्यांचा दुसरा पंखा आणला. पाण्याच्या पंपाच्या तोंडावर चार बोल्टांनी बसणारा, साधा, लोखंडी.

"तो मी बसवणार," मिस्त्री म्हणाला. "इंजिन आणि रेडिएटरच्या जाळीच्या मधे हात घालायला डोळे लागत नाहीत. तिथं तसंही कुणाला काही दिसत नाही."

दोन वर्षांनी त्यानं काम मागितलं होतं. नाही म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. मुलानं बॅटरी धरली, सुनेनं पान्यांची पेटी उघडली. मिस्त्री हात मागे करायचा, "सतरा" म्हणायचा, आणि सतरा नंबरचा पाना तळव्यावर पडल्याशिवाय हात मिटायचा नाही. त्यानं पंखा मांडीवर घेतला, मधल्या चकतीवरून अंगठा फिरवला, आणि एके ठिकाणी अंगठा अडला. तिथं टिंब होतं. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की सुनेला बघवेना.

"आपल्याच कुणाच्या तरी हाताखालून गेलेला पंखा आहे," तो म्हणाला. "थप्पड वाया गेली नाही म्हणायची."

टिंब पुढच्या अंगाला ठेवून त्यानं पंखा बसवला. घाम पुसायलाही थांबला नाही. मग गाडी चालू करायला लावली आणि वहीचं एक पान जाळीच्या समोर धरून सोडलं. पान जाळीला चिकटून राहिलं. पंखा वारा ओढतोय हे बघायची त्याची ही चाळीस वर्षांची रीत होती.

"झालं," तो म्हणाला. "आता माझ्या मागं पुढची दहा वर्षं बघायला नको."

दोन दिवसांनी गाडी पहिल्यांदा तापून चढावर बंद पडली.

तेव्हापासून घरानं गाडीचं काय काय केलं नाही? पट्टा ताणला, मग नवाच घातला. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह काढून टाकला. पाण्याचा पंप उघडला, तो बिचारा धडधाकट निघाला. दर वेळी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली की काटा मध्यावर, आणि दर वेळी मिस्त्री म्हणायचा, "बघितलंस? एवढंच होतं." मग चढ लागायचा. दर कामाआधी तो वहीचं पान मागून घ्यायचा आणि पान जाळीला चिकटायचं. पंखा ठीक. पुढचं बघा.

विटांचा ट्रक अर्ध्यात राहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी रेडिएटरच काढला. टोचनवाला रबरी पाइपानं त्यातून उलट्या दिशेनं पाणी सोडत होता आणि त्याची बायको जाळीतली मेलेली पाखरं, गवताची कुसळं आणि तेलकट धूळ दात घासायच्या ब्रशनं काढत होती. सकाळपासून उकिडवं बसून तिचे गुडघे धरले होते. मिस्त्री अंगणातल्या बाकावर बसून कानानं देखरेख करत होता. पाय मोकळे करायला ती उठली आणि गाडीच्या पुढच्या मोकळ्या तोंडाशी गेली. रेडिएटर नव्हता, त्यामुळे पंखा पहिल्यांदाच पूर्ण उघडा दिसत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं एक पातं धरून हळूच फिरवलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे फिरतं कुठल्या बाजूला?"

"का?"

"सांगा तरी."

त्यानं हातानं दाखवलं.

"मग हे उलटं नाही का? पात्याचा खोलगट भाग इकडे आपल्याकडे आलाय, आणि पोट इंजिनाकडे. वारा लोटायचा तर खोलगट अंग तिकडे नको?"

पाइप तसाच वाहत राहिला. बाकावरून आवाज आला.

"काय उलटं आहे?"

तिनं खाली बघितलं. "काही नाही, मामंजी. मला आपलं वाटलं, पंखा फिरवून बसलाय की काय."

"कागद चिकटतो का नाही?"

"चिकटतो."

"पंखा उलटा असता तर त्यानं कागद फेकला असता तोंडावर. वारा ओढतोय म्हणजे सुलटा आहे. एवढं तर दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं."

इथं तिनं गप्प बसायला हवं होतं, असं नंतर तिचा नवरा म्हणाला. पण तिच्या हाताला आठ दिवस तेलाचा वास होता आणि पायाला डांबराचे चटके होते.

"उलट्या पळीनंही पाणी हलतं, मामंजी," ती म्हणाली. "ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला जातं. पण पळी भरत नाही. आणि कागदाचं म्हणाल, तर पूर्वी ओढून काढताना फाटायचा. आता नुसता टेकतो. बोट लावलं की पडतो."

मिस्त्री उभा राहिला.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं हे हात याच कामात गेले, आणि आता मला पळी शिकवायला लागली. खूण आहे त्याच्यावर, खूण! माझ्या अंगठ्याला लागली आहे. अरे, तू काय ऐकत बसलायस? तुला दिसतं ना? तू सांग तिला."

टोचनवाल्यानं बापाकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग बायकोकडे. त्याला दिसत होतं. पण बघायचं कसं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बापाच्या हाताखाली तो एक वर्ष टिकला होता, आणि तेवढ्यात मिळालेल्या थपडा त्याला जन्मभर पुरल्या होत्या. तो गाडी चालवायचा, बस्स.

"तू गप्प बस," तो बायकोला म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं."

ती पुन्हा ब्रश घेऊन बसली. मिस्त्री भिंतीला तळवा लावून आत गेला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. ती हात धुऊन बघायला गेली तर तिथं कुणी नव्हतं. पळी मात्र तिच्या खिळ्यावर नव्हती, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पालथी पडली होती. मांजर शिरलं असेल म्हणून तिनं ती धुऊन परत टांगली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोचनवाला एकटाच गाडीपाशी गेला. रेडिएटर अजून बाहेरच होता. त्यानं तळहात पात्याच्या पोटावरून फिरवला, मग तडकलेला जुना पंखा पत्र्याच्या छपरावरून काढला आणि दोन्ही शेजारी धरून बघितले. तो परत आला तेव्हा बायको चूल पेटवत होती.

"तुझंच खरं आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "मग आत्ता फिरवून टाका. जाळी तर काढलेलीच आहे. चार बोल्ट."

"ते जागे झालेत. तिथंच येऊन बसतील. बोल्ट सुटल्याचा आवाज त्यांना शेजारच्या अंगणातूनही कळतो."

"मग कळू द्या!"

"अगं, त्यांना आता सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. ताटात काय वाढलंय ते सांगावं लागतं. तो एक पंखा बसवला त्या दिवशी रात्री पोटभर जेवले. तो पण चुकला म्हणून सांगू? उद्या ते डोळ्यांच्या दवाखान्यात जाणारेत, दिवसभर नसतील. ते गेले की फिरवतो. त्यांना कळणारही नाही, म्हणतील जाळी साफ केल्यानं झालं."

"आणि आज बोलावणं आलं तर?"

"एका दिवसानं काय होतंय?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. आपलेच दात नि आपलेच ओठ, चावायचं कुणाला? ती त्याच्याबरोबर गेली आणि दोघांनी मिळून रेडिएटर जागेवर चढवला. मिस्त्री बाकावर येऊन बसला होता. आज त्यानं वहीचं पान मागितलं नाही. तिला ते तेव्हा जाणवलंही, पण कामाच्या घाईत तो विचार निसटून गेला.

दुपारी बारा वाजता मुकादमाचा फोन आला. सातव्या वळणावर पाण्याचा टँकर बंद पडला होता. भरलेला. माथ्यावरच्या वस्तीत दोन दिवस पाणी नव्हतं, माणसं भांडी मांडून बसली होती.

"तासभर लागेल म्हणावं," बायको म्हणाली. "तासाभरात फिरवून होईल."

"त्याला तासभर दिला तर तो खाणवाल्याला फोन करील." टोचनवाला चावी घेऊन निघाला. "आज जाळी साफ आहे. हळू नेतो. निघेल."

ती ठोकळा घेऊन वर चढली. गाडी अंगणातून वळत असताना मिस्त्री बाकावरून उठला आणि भिंत सोडून तसाच पुढे आला, हात समोर धरून, फाटकापर्यंत. त्याचं तोंड उघडं होतं.

"काय बाबा?" टोचनवाल्यानं ओरडून विचारलं.

मिस्त्री उभा राहिला. इंजिनाची थरथर त्याच्या सदऱ्याला लागत होती.

"काही नाही," तो म्हणाला. "सावकाश जा."

टँकरला साखळी लावली तेव्हा काटा मध्यावर होता. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, गाडी वर निघाली. सपाटीवर पळताना वारा फुकट मिळतो. चढावर जो काही वारा मिळायचा तो पंख्याचाच, आणि पंखा पालथ्या पळीनं पाणी उपसत होता. सातवं वळण संपेपर्यंत काटा वर गेला. टोचनवाल्यानं हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची तेवढी तरी आग केबिनमध्ये यावी म्हणून. त्या उन्हात तळपायांवर गरम हवेचा झोत आला आणि दोघांच्या अंगावरचे कपडे क्षणात भिजले. त्याच्या भुवयांवरून घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात सुटत नव्हता. ती पदरानं त्याचे डोळे पुसत होती.

"थांबवा."

"थांबलो की तिसरं झालं."

"अहो, काटा पार टोकाला गेलाय!"

"आता दोनच वळणं राहिली."

आठव्या वळणाच्या पोटात ती चालत्या गाडीतून उतरली. गाडीची चालच तेवढी होती. तिनं मागे धावत जाऊन टँकरवाल्याला बादली मागितली, नळ सोडला, आणि भरलेली बादली घेऊन पुढे धावली. चालत्या गाडीसमोर उलट्या पावलांनी चालत तिनं जाळीवर पाणी फेकलं. वाफेचा लोट उठला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पाच बादल्या झाल्या, सहा झाल्या. साखळीला दहा हजार लिटर पाणी बांधलेलं होतं, पाण्याला तोटा नव्हता. रस्त्याकडेला थांबलेल्या बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते. कुणीतरी मोबाइल बाहेर काढला होता. सातव्या बादलीला तिचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आदळली. ती उठेपर्यंत गाडीतून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. टोचनवाल्यानं ब्रेकवर उभं राहून गाडी धरली. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. तिनं रक्ताळलेल्या गुडघ्यानंच ठोकळा लावला.

त्यानं तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल दुधाळ झालं होतं. म्हणजे पाणी तेलात गेलं होतं, म्हणजे इंजिनाचं हेड फुटलं होतं. इंजिन खोलून त्याला नवं करण्याइतकं या घरात कुणाकडे काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तो पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला.

मुकादम आला. तो टोपी काढून कपाळ पुसत राहिला. त्याच्या मागोमाग खाणवाल्याची नवी गाडी आली. तिनं आधी टँकर वर नेला. मग परत येऊन टोचनवाल्याचीच साखळी टोचनवाल्याच्याच गाडीला लावली.

"अरे, टोचनला टोचन!" बसमधून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी बस हसली. हसण्यासारखं होतंच ते. दुसऱ्याची गाडी असती तर टोचनवालाही हसला असता.

आपल्या गाडीचा आवाज मिस्त्रीला नाक्यापासून ओळखू यायचा. त्या संध्याकाळी त्याला दुसऱ्याच इंजिनाचा आवाज आला, आणि त्यामागे साखळी ताणल्याची करकर. तो बाकावरून उठला नाही. काय झालं, हेही त्यानं कुणाला विचारलं नाही. सुनेनं ताट आणून ठेवलं, ते तसंच झाकून राहिलं.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. नाक्यावरच्या झाडाखाली नवी गाडी उभी राहिली. तिचा भोंगा अंगणात ऐकू यायचा, आणि तो वाजला की तिघांपैकी प्रत्येकजण काहीतरी शोधायला उठायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री म्हणाला, "पंखा काढून आण."

"कशाला आता?" टोचनवाला म्हणाला. "वरातीमागून घोडं."

"आण म्हणतो ना."

त्यानं रेडिएटर उतरवला, चार बोल्ट काढले आणि पंखा आणून बापाच्या मांडीवर ठेवला. सून दारात उभी होती, गुडघ्याला चिंधी बांधलेली. मिस्त्रीचा अंगठा चकतीवरून फिरला आणि टिंबावर थांबला. मग तो पहिल्यांदाच तिथून सुटला आणि एका पात्यावर गेला. पात्याच्या पोटावरून सावकाश वर, कडेपर्यंत, पुन्हा खाली.

"खूण खरी आहे," तो म्हणाला. "पण माझ्या माणसाची नाही. हा कुणीतरी दुसरा होता, तो इंजिनाकडच्या अंगाला खूण करायचा. ती त्याची रीत. आणि मी, खूण सापडल्यावर पातं कशाला चाचपतोय?"

टोचनवाला खाली बसला. "जाऊ द्या, बाबा. कुणाच्याही हातून—"

"ऐक. ही पळीचं म्हणाली ना, तेव्हा मी आत गेलो. पळी काढून चाचपली. पालथी केली, सुलटी केली. तेव्हाच कळलं मला."

त्यानं मांडीवरचा पंखा पालथा केला.

"त्या दिवशी फाटकापर्यंत सांगायलाच आलो होतो," मिस्त्री म्हणाला. "तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, पोरगा उद्या मी नसताना आपणच फिरवील. त्याला कळलंच असेल. मग मला सांगायला नको, त्याला सांगायला नको."

"मला माहीत होतं," टोचनवाला म्हणाला. "पहाटेच बघितलं होतं मी. तुम्ही दवाखान्यात गेलात की फिरवणार होतो."

दारात उभी असलेली सून हसली, आणि ते हसणं कुणाला ऐकवलं नाही.

"म्हणजे घरात तिघं," ती म्हणाली, "आणि तिघांनाही माहीत होतं. मी एकटी बोलले, तर मला काय कळतंय त्यातलं! तुम्ही त्यांना जपत बसलात, ते स्वतःला जपत बसले. गाडीला कुणी जपायचं होतं? रस्त्यावर पालथी पडले मी, लोकांनी फोटो काढले. चार बोल्ट होते हो. चार बोल्ट!"

तिला रडायचं नव्हतं, पण रडू आलं. टोचनवाला जमिनीकडे बघत बसला. त्याला बायकोजवळ जावंसं वाटत होतं, बापाजवळही जावंसं वाटत होतं, आणि दोन्हीकडे जायला आपल्याला तोंड नाही असं वाटत होतं. मिस्त्री मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. त्याला असं ऐकून घेताना या अंगणानं कधी बघितलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "बसवून टाक. सुलटा."

"इंजिन मेलंय, बाबा."

"माहीत आहे. तरी बसव. भंगारवाला घेऊन जाईल तेव्हा तरी माझ्या हातचा उलटा पंखा त्यात नको."

टोचनवाल्यानं पंखा उचलला. टिंब इंजिनाकडे ठेवून त्यानं तो पंपावर धरला आणि बोल्ट हातानं फिरवायला लागला. नाक्याकडे नव्या गाडीचा भोंगा वाजला. कुणीतरी चढावर अडकलं होतं.

मिस्त्री बाकावरून उठला आणि त्यानं हात पुढे केला, तळवा वर. सुनेनं डोळे पुसले, सवयीनं पान्यांची पेटी उघडली, आणि सतरा नंबरचा पाना त्याच्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. पाना तळव्यावरून घसरून खाली पडला, आणि हात तसाच हवेत राहिला.

"पाना नको, पोरी," तो म्हणाला. "मला आत घेऊन चल."